ब्राउझर किती रॅम घेतो आणि किती परत देतो: क्रोम, फायरफॉक्स व एज यांचे परीक्षण

‘क्रोम रॅम खातो’ हे वाक्य संगणक दुरुस्तीच्या दुकानात, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आणि कार्यालयात चहाच्या वेळी इतक्या सहजपणे उच्चारले जाते, की ते तपासून पाहावे असे फारसे कुणाला वाटत नाही. ते खोटे नाही. पण ती तक्रार अर्धीच आहे. रॅम वापरण्यासाठीच असते आणि रिकामी पडलेली रॅम संगणकाला कणभरही वेगवान करत नाही. विंडोज व लिनक्स या दोन्ही प्रणाली मोकळ्या रॅममध्ये नुकत्याच वाचलेल्या फाइली जपून ठेवतात, त्या याच कारणाने. म्हणून ब्राउझरने मेमरी किती घेतली हा माझ्या दृष्टीने परीक्षणाचा दुय्यम मुद्दा आहे. संगणकाला मेमरी कमी पडू लागली म्हणजे ब्राउझर ती किती लवकर आणि वापरणाऱ्याचे काम न बिघडवता परत करतो, हा खरा प्रश्न. क्रोम, फायरफॉक्स आणि एज हे तीन ब्राउझर मी याच एका कसोटीवर पाहिले आहेत.

त्यासाठी दोन यंत्रे वापरली: ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला विंडोज ११ चा लॅपटॉप, आणि ४ जीबी रॅम व जुनी हार्ड डिस्क असलेला एक कार्यालयीन डेस्कटॉप. या दुसऱ्या प्रकारची यंत्रे आपल्याकडे शाळांत, पतसंस्थांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत अजूनही रोज चालू आहेत. टॅबही रोजच्या कामाचेच होते: जीमेल, व्हॉट्सॲप वेब, यूट्यूब, गूगल शीट्समधला एक मोठा तक्ता, नकाशा, एक-दोन सरकारी संकेतस्थळे आणि काही मराठी वृत्तपत्रांची पाने. माझ्या यंत्रांवरचे एमबीचे आकडे मी येथे मुद्दाम देत नाही. पानावरची जाहिरात बदलली तरी ते बदलतात, अधिक रॅम असलेल्या यंत्रावर ब्राउझर आपण होऊन हात सैल सोडतो, आणि त्यामुळे माझा आकडा वाचकाच्या यंत्राविषयी काहीच सांगत नाही.

शिवाय आकडा कुठून वाचला यावरही तो अवलंबून असतो. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘प्रोसेसेस’ या पानावर मेमरीचा जो रकाना दिसतो, तो त्या प्रोसेसचा, म्हणजे संगणकाने स्वतंत्रपणे चालवलेल्या कामाचा, खासगी आणि त्या क्षणी प्रत्यक्ष रॅममध्ये असलेला भाग दाखवतो. जो भाग विंडोजने दाबून लहान केला किंवा डिस्कवर हलवला, तो त्यात येत नाही. क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबल्यावर उघडतो. तो मात्र प्रोसेसने प्रणालीकडून मागून घेतलेली सगळी खासगी मेमरी मोजतो, त्यामुळे त्याचा आकडा बहुधा मोठा असतो. लिनक्सवर वेगळाच घोळ होतो. तेथे प्रत्येक प्रोसेसची रॅम बघून सरळ बेरीज केली, तर सर्व प्रोसेसांनी वाटून घेतलेला भाग, म्हणजे ब्राउझरचा मूळ कोड वगैरे, दर वेळी नव्याने मोजला जातो आणि बेरीज वास्तवापेक्षा बरीच फुगते. अमुक ब्राउझर तमुकापेक्षा दुप्पट रॅम खातो, असे सांगणारे तक्ते समाजमाध्यमांवर फिरत असतात. त्यांच्याखाली मोजणी कशी केली हे क्वचितच लिहिलेले असते.

क्रोमची मेमरीबाबतची कीर्ती त्याच्या जन्मापासूनची आहे आणि ती निर्मात्यांनी समजून-उमजून पत्करलेली आहे. २ सप्टेंबर २००८ रोजी क्रोम आला तेव्हा गूगलने त्याची रचना समजावणारी एक चित्रकथा प्रसिद्ध केली होती, आणि वेगवेगळ्या प्रोसेस चालवल्यामुळे सुरुवातीला थोडी अधिक मेमरी लागेल, हे त्या चित्रकथेतच मान्य केलेले होते. त्यापूर्वीचे प्रचलित ब्राउझर सगळे टॅब एकाच प्रोसेसमध्ये चालवत. एका पानावरची फ्लॅशची जाहिरात कोसळली की लिहीत असलेल्या ईमेलसकट सगळी खिडकीच नाहीशी होई. क्रोमने टॅब वेगवेगळ्या प्रोसेसांत ठेवले, त्या प्रोसेसांना संगणकावरच्या फाइलींपासून दूर कोंडून ठेवले, आणि एक कोसळली तरी बाकीच्या शाबूत राहतील अशी सोय केली.

या रचनेचा मेमरीशी थेट संबंध असलेला एक फायदा मात्र चर्चेत फारसा येत नाही. एकाच प्रोसेसमध्ये दिवसभर पाने उघडली आणि मिटली, तर मेमरीत जागोजागी लहान लहान पोकळ्या राहतात. एसटीत सुट्या सुट्या जागा रिकाम्या असूनही पाच जणांच्या कुटुंबाला एकत्र बसता येत नाही, तसे हे आहे: एकूण जागा पुरेशी असते, पण सलग नसते, आणि ब्राउझरला प्रणालीकडे आणखी मेमरी मागावी लागते. जुन्या फायरफॉक्सविषयी ‘सकाळी हलका, संध्याकाळी जड’ ही जी तक्रार असे, तिच्यामागे मेमरीच्या गळतीबरोबर, म्हणजे घेतलेली मेमरी चुकून न सोडण्याबरोबर, हेही एक कारण होते. टॅबच स्वतंत्र प्रोसेसमध्ये असेल, तर तो मिटताच ती प्रोसेस संपते आणि तिची सगळी मेमरी एकरकमी प्रणालीकडे परत जाते. परत देण्याच्या कसोटीवर क्रोमची मूळ रचना म्हणूनच उत्तम आहे. फक्त तिचा लाभ टॅब मिटणाऱ्यालाच मिळतो, आणि आपल्यापैकी बहुतेक जण टॅब मिटत नाहीत.

क्रोमचा खर्च खऱ्या अर्थाने वाढला तो २०१८ मध्ये, आणि त्याला कारण प्रोसेसरमधला दोष होता. त्या वर्षी जानेवारीत ‘स्पेक्टर’ या नावाने ओळखला जाणारा दोष जाहीर झाला. प्रोसेसर पुढची पावले अंदाजाने आधीच टाकून ठेवतो, या त्याच्या सवयीचा गैरफायदा घेऊन एका प्रोसेसमधला परका कोड त्याच प्रोसेसमधली इतर माहिती चोरून वाचू शकतो, असे त्यातून दिसून आले. बँकेचे पान आणि जाहिरातीची चौकट एकाच प्रोसेसमध्ये असणे त्यामुळे धोक्याचे ठरले. गूगलने क्रोम ६७ पासून डेस्कटॉपवरील जवळजवळ सर्व वापरकर्त्यांसाठी प्रत्येक संकेतस्थळाला स्वतंत्र प्रोसेस देण्याची पद्धत सुरू केली, आणि प्रत्यक्ष वापरात एकूण मेमरीचा खर्च सुमारे १० ते १३ टक्क्यांनी वाढतो हेही तेव्हा सांगून टाकले. फायरफॉक्सने ‘फिशन’ या नावाने हीच वाट धरली आणि २०२१ च्या अखेरीस ती सर्वांसाठी खुली होऊ लागली. एजचा पाया क्रोमियमचाच, म्हणजे क्रोमच्याच खुल्या मूळ कोडचा, असल्याने तेथेही तीच व्यवस्था आहे. म्हणजे आज या तिघांपैकी कुणालाही ‘फुकट मेमरी उधळणारा’ म्हणण्यापूर्वी त्यातला काही भाग हा आपल्या पासवर्डांच्या संरक्षणाचा खर्च आहे, हे ध्यानात घ्यावे लागते.

हा खर्च सर्वाधिक कुठे जाणवतो, हे पाहायचे असेल तर एखाद्या मराठी वृत्तपत्राचे पान उघडून क्रोमचा टास्क मॅनेजर पाहावा. बातमीचा मजकूर स्वतः अगदी किरकोळ असतो. हजार शब्दांची मराठी बातमी काही किलोबाइटांत मावते. पण त्याच पानात वर, खाली, मध्ये आणि कडेला बसवलेल्या जाहिरातींच्या चौकटी वेगवेगळ्या संकेतस्थळांवरून येतात, आणि २०१८ नंतरच्या नियमाने त्या प्रत्येक परक्या संकेतस्थळाला आपापली प्रोसेस मिळते. टास्क मॅनेजरमध्ये या चौकटी मुख्य पानाच्या खाली ‘सबफ्रेम’ म्हणून वेगळ्या ओळींत दिसतात. एकाच संकेतस्थळाच्या चौकटी अनेक टॅबांत असतील तर क्रोम त्यांना शक्यतो एकाच प्रोसेसमध्ये बसवतो, ही त्यातली काटकसर. तरीही बातमीपेक्षा तिच्याभोवतीचा बाजारच मेमरीचा मोठा वाटा घेतो, आणि त्याचा ठपका मात्र वाचक ब्राउझरवर ठेवतो. येथे माझा कल स्पष्टपणे ब्राउझरांच्या बाजूने आहे.

छायाचित्रांचेही तसेच आहे. मोबाइलवर काढलेले १२ मेगापिक्सेलचे छायाचित्र फाइल म्हणून ३-४ एमबीचे असते. पण पडद्यावर दाखवण्यासाठी ते उलगडले की प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट लागतात, आणि ४००० गुणिले ३००० ठिपक्यांचे ४ कोटी ८० लाख बाइट, म्हणजे सुमारे ४८ एमबी होतात. संपादकाने छायाचित्र लहान न करता तसेच चढवले आणि पानावर ते अगदी लहान चौकोनात दाखवले, तरी ब्राउझरला ते उलगडण्याचा खटाटोप करावा लागतो. क्रोमने मार्च २०२१ मधल्या ८९ व्या आवृत्तीपासून सुधारणा केली, ती अशी की समोर उघडलेल्या टॅबमध्येही वाचक खाली सरकल्यावर वर निघून गेलेल्या मोठ्या चित्रांची मेमरी सोडून दिली जाते. यामुळे दर टॅबमागे १०० एमबीपर्यंत बचत होऊ शकते, असा गूगलचा दावा होता. त्याआधी २०२० मधल्या ८० व्या आवृत्तीत जावास्क्रिप्टच्या, म्हणजे पानांना हलते-बोलते ठेवणाऱ्या भाषेच्या, इंजिनाने मेमरीतले ६४ बिटांचे पत्ते ३२ बिटांत साठवायला सुरुवात केली, आणि इंजिनाच्या राखीव मेमरीत ४३ टक्क्यांपर्यंत घट होते असे इंजिनाच्या निर्मात्यांनी जाहीर केले. वापरणाऱ्याला यातले काही दिसत नाही, कुठले बटण दाबावे लागत नाही, कुठली सोय गमवावी लागत नाही. अशा न दिसणाऱ्या दुरुस्त्यांना मी जाहिरात झालेल्या सोयींपेक्षा अधिक गुण देतो.

जाहिरात झालेली सोय म्हणजे ‘मेमरी सेव्हर’. डिसेंबर २०२२ मध्ये क्रोम १०८ बरोबर ती आली, आणि तिच्यामुळे मेमरीचा वापर ३० टक्क्यांपर्यंत कमी होतो असे गूगल सांगते. काही काळ न पाहिलेला टॅब ती मेमरीतून काढून टाकते. टॅबची पट्टी जागेवर राहते, आणि तिच्यावर पुन्हा क्लिक केले की पान नव्याने उतरवले जाते. तत्त्व नवे नाही. मेमरी फारच कमी पडली तर टॅब सोडून द्यायचे, हे क्रोम २०१५ पासूनच करत होता. नवे इतकेच की आता संकटाची वाट न पाहता तो ते आधीच करतो. आवाज किंवा चित्रफीत चालू असलेला टॅब, फाइल उतरत असलेला टॅब, पडदा इतरांना दाखवत असलेला टॅब आणि अर्धवट भरलेला अर्ज असलेला टॅब तो सहसा हलवत नाही, आणि काही संकेतस्थळे कायम जागी ठेवावीत असेही सेटिंग्जमधल्या ‘परफॉर्मन्स’ या भागात सांगता येते. कमी, मध्यम आणि अधिक अशा तीन पायऱ्याही आता आहेत. अधिकाची पायरी ४ जीबीच्या यंत्रावर ठीक आहे. इतरांनी मधल्या पायरीवर थांबावे.

कारण या बचतीची किंमत वेगळ्या खिशातून जाते. सोडून दिलेले पान परत आणायला इंटरनेट लागते, आणि जेथे जोडणी दुपारनंतर मंदावते किंवा मोबाइलच्या डेटावरच लॅपटॉप चालवावा लागतो, तेथे रॅमची बचत डेटाच्या आणि वेळेच्या रूपाने भरून द्यावी लागते. उघडून ठेवलेला लेख वीज गेल्यावर, राऊटर बंद असताना वाचायला घ्यावा आणि तो कोरा निघावा, असे होऊ शकते. सरकारी संकेतस्थळांवर तर लॉगिनची मुदत तशीही लवकर संपते; अशा ठिकाणी पान नव्याने उघडले की पुन्हा मोबाइलवरचा ओटीपी आलाच. म्हणून ज्यांना अर्ज भरण्याचे काम रोज असते, उदाहरणार्थ सेतू केंद्रांचे किंवा महा ई-सेवा केंद्रांचे चालक, त्यांनी आपली नेहमीची संकेतस्थळे ‘कायम जागी’ या यादीत पहिल्याच दिवशी घालून ठेवावीत, असा माझा आग्रह आहे.

फायरफॉक्सची कथा वेगळी आहे आणि मला ती अधिक आवडते, हे आधीच सांगतो. २००४ च्या नोव्हेंबरात पहिली आवृत्ती आल्यावर काही वर्षांतच मेमरीच्या गळतीसाठी तो कुप्रसिद्ध झाला. २०११ मध्ये त्याची निर्माती संस्था मोझिलाने ‘मेमश्रिंक’ नावाचा उपक्रम सुरू केला आणि ब्राउझर दिवसेंदिवस बारीक होतो आहे की जाड, याचा आलेख सर्वांना पाहता येईल असा खुला ठेवला. फायरफॉक्सने प्रोसेस वेगळ्या करायला क्रोमच्या मानाने फार उशीर केला. २०१६ मध्ये ते काम सुरू झाले आणि २०१७ च्या ५४ व्या आवृत्तीत पानांसाठी एकाहून अधिक प्रोसेस आल्या. या उशिराचा एक फायदा झाला. पुढे प्रत्येक संकेतस्थळाला प्रोसेस द्यायची वेळ आली, तेव्हा रिकाम्या प्रोसेसचा वरखर्च १० एमबीच्या आसपास आणायचा, असे उद्दिष्ट आधीच ठरवून मंडळी कामाला लागली. प्रोसेस वाढवायच्या तर आधी त्या स्वस्त करायच्या, हा क्रम मला समंजस वाटतो.

फायरफॉक्सची सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे त्याचा हिशेब. पत्त्याच्या पट्टीत इंग्रजीत ‘अबाउट’, कोलन आणि ‘मेमरी’ असे लिहिले की एक साधे, काहीसे ओबडधोबड पान उघडते. तेथे ‘मेझर’ हे बटण दाबल्यावर प्रत्येक प्रोसेसने, त्यातल्या प्रत्येक पानाने, जावास्क्रिप्टने, चित्रांनी आणि फाँटांनी किती मेमरी घेतली, याची शाखा-उपशाखांसह वंशावळच समोर येते. सामान्य वाचकाला ती डोकेदुखी वाटेल, आणि त्याच्यासाठी ‘अबाउट प्रोसेसेस’ हे दुसरे, सुटसुटीत पान अधिक उपयोगी आहे. पण त्या वंशावळीतली ‘हीप अनक्लासिफाइड’ ही एक ओळ मला विशेष महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात जिचा हिशेब लागत नाही अशी मेमरी दाखवलेली असते. न जुळणारी रक्कम इतर खात्यांत मुरवून टाकण्याऐवजी ती ताळेबंदात वेगळी दाखवणारा हिशेबनीस विश्वासाला पात्र असतो. त्याच पानावर ‘मिनिमाइझ मेमरी युसेज’ असे एक बटण आहे. ते दाबले की ब्राउझर नको असलेला कचरा लगेच झाडून काढतो. क्रोम किंवा एजच्या नेहमीच्या मेनूंत या तोडीचे काही नाही.

मेमरी परत देण्यातही फायरफॉक्सने अलीकडे चांगली प्रगती केली आहे. ऑक्टोबर २०२१ मधल्या ९३ व्या आवृत्तीपासून विंडोजवर मेमरी धोक्याच्या पातळीवर आली की तो जुने टॅब आपोआप मेमरीतून उतरवतो. कुठला टॅब आधी उतरवायचा, हे शेवटचा वापर कधी झाला, मेमरी किती अडकली आहे, आवाज चालू आहे का, टॅब पिन केलेला आहे का, अशा निकषांवर ठरते. ‘अबाउट अनलोड्स’ या पानावर हा क्रम पाहताही येतो. २०२५ च्या जूनमध्ये आलेल्या १४० व्या आवृत्तीत टॅबवर उजवी क्लिक करून ‘अनलोड टॅब’ निवडण्याची सोय मिळाली. वास्तविक ही सोय फार आधीच यायला हवी होती, कारण कुठला टॅब आपल्याला तासभर लागणार नाही हे वापरणाऱ्याइतके कुठल्याही निकषाला कळत नाही.

विंडोजवरच्या एका दुरुस्तीचा उल्लेख मात्र सविस्तर करावासा वाटतो. विंडोज एखाद्या प्रोग्रामला मेमरी देताना तेवढ्या जागेची हमी घेते, आणि ही हमी रॅम व डिस्कवरची पेज फाइल (रॅम अपुरी पडल्यास वापरायची जागा) यांच्या बेरजेपलीकडे देत नाही. हमी संपत आली की विंडोज पेज फाइल वाढवायला घेते. पण त्याला थोडा अवधी लागतो, आणि त्या अवधीत आलेली मागणी ती सरळ नाकारते. मागणी नाकारली गेली की ब्राउझर तेथेच कोसळतो, प्रत्यक्षात क्षणभराने जागा मिळणार असूनही. मोझिलाच्या अभियंत्यांनी २०२२ मध्ये उपाय केला तो गमतीशीर वाटावा इतका साधा आहे: नकार मिळाला की फायरफॉक्स किंचित थांबतो आणि पुन्हा मागतो. तोवर पेज फाइल वाढलेली असते. मेमरी संपल्यामुळे कोसळण्याचे प्रमाण यामुळे चांगलेच घटले. ४ जीबीच्या डेस्कटॉपवर ब्राउझर मधूनमधून क्षणभर अडखळतो पण उभा राहतो, हे मला फायरफॉक्सच्या बाबतीत विशेष समाधानाचे वाटले. जुन्या हार्ड डिस्कवर ते अडखळणे लांबते, हे खरे. तेथे दोष डिस्कचा आहे.

एजविषयी थोडक्यात. १५ जानेवारी २०२० पासून तो क्रोमियमवर उभा आहे, त्यामुळे मेमरीचा मूळ स्वभाव क्रोमचाच. त्याची स्वतःची भर म्हणजे जानेवारी २०२१ मधल्या ८८ व्या आवृत्तीत आलेले ‘स्लीपिंग टॅब्स’. येथे टॅब मेमरीतून लगेच काढून न टाकता आधी गोठवला जातो: त्याचे जावास्क्रिप्ट थांबते आणि त्याचा भार उतरतो, पण परत गेल्यावर पान बहुधा तत्काळ जागे होते, नव्याने उतरवावे लागत नाही. दोन तास न पाहिलेल्या टॅबला झोपवण्याचा अवधी मुळात ठरवलेला होता. तो सेटिंग्जमध्ये काही मिनिटांपर्यंत खाली आणता येतो. मायक्रोसॉफ्टने या सोयीमुळे मेमरीत सरासरी ३२ टक्के बचत होते असे म्हटले होते. मंद इंटरनेटच्या ठिकाणी ही पद्धत क्रोमपेक्षा सरस आहे. पण एका हाताने वाचवायचे आणि दुसऱ्या हाताने खर्च करायचे, असा एजचा कारभार आहे. ब्राउझर बंद केल्यावरही काही प्रोसेस मागे चालू ठेवणारा ‘स्टार्टअप बूस्ट’, कडेची पट्टी, खरेदीचे साहाय्य आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेचा साहाय्यक, या सगळ्यांचा भार कमी रॅमच्या यंत्रावर नको. सेटिंग्जमध्ये जाऊन हे सर्व आवरल्याशिवाय एजची परीक्षा घेणे मला तरी योग्य वाटत नाही.

मोबाइलवर हा सगळा विचार जवळजवळ निरर्थक ठरतो, कारण मेमरी कमी पडली की अँड्रॉइड स्वतःच मागच्या प्रोसेस बंद करतो. तेथे ब्राउझरच्या हाती फार काही उरत नाही. ओपेरा जीएक्स या संगणकावर गेम खेळणाऱ्यांसाठीच्या ब्राउझरमध्ये रॅमची कमाल मर्यादा घालून देणारे बटण आहे. ते दिसायला आकर्षक आहे. पण मर्यादा घातल्याने पानांची गरज कमी होत नाही, फक्त टॅब मेमरीतून लवकर उतरवले जातात.

एक्सटेन्शनांचा, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या पूरक प्रोग्रामांचा, विषय मात्र टाळता येत नाही. क्रोम आणि एजमध्ये चालू असलेल्या एक्सटेन्शनांना सहसा स्वतंत्र प्रोसेस लागते, आणि कधीतरी कूपन शोधण्यासाठी वा पीडीएफ जोडण्यासाठी घातलेली, नंतर विसरलेली एक्सटेन्शने जागा अडवून बसतात. टॅब झोपवण्यासाठी वेगळे एक्सटेन्शन घेण्याचे तर आता कारणच उरलेले नाही. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे त्या कामासाठी लोकप्रिय असलेले एक्सटेन्शन मालकी बदलल्यानंतर संशयास्पद झाले, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये घातक सॉफ्टवेअर म्हणून गूगलने ते काढून टाकले. अपवाद एकच, जाहिराती अडवणाऱ्या ‘यूब्लॉक ओरिजिन’चा. त्याच्या याद्यांना स्वतःची मेमरी लागतेच, परंतु वर सांगितलेल्या जाहिरातींच्या चौकटी मुळात उघडल्याच नाहीत तर त्यांच्या प्रोसेसही निर्माण होत नाहीत, आणि वृत्तपत्रांची चार पाने उघडी ठेवणाऱ्यासाठी हा सौदा फायद्याचा ठरतो. हे एक्सटेन्शन पूर्ण स्वरूपात फायरफॉक्सवर चालते. क्रोमने एक्सटेन्शनांचे नियम बदलून जुन्या पद्धतीची एक्सटेन्शने २०२४ पासून टप्प्याटप्प्याने बंद केल्यामुळे तेथे त्याची ‘लाइट’ आवृत्तीच उरली आहे. वृत्तपत्रांचे उत्पन्न जाहिरातींवर चालते, हे मला ठाऊक आहे. ज्या वृत्तपत्राची वर्गणी आपण भरतो त्याला यातून वगळावे, असा मार्ग मी स्वतःपुरता काढला आहे.

तेव्हा ४ जीबीच्या यंत्रावर मी निःसंकोच फायरफॉक्स आणि त्याच्यासोबत यूब्लॉक ओरिजिन सुचवतो. गूगल शीट्समधले फार मोठे तक्ते त्या यंत्रावर कुठल्याच ब्राउझरमध्ये सुखाने चालत नाहीत. ८ जीबी रॅम असेल तर तिघांपैकी सवयीचा कोणताही ठेवावा, क्रोममध्ये मेमरी सेव्हर मधल्या पायरीवर आणि एजमध्ये स्लीपिंग टॅब्स चालू ठेवावेत. दिवसेंदिवस उघडे राहणारे जीमेल किंवा व्हॉट्सॲप वेबचे टॅब अधूनमधून रिफ्रेश करावेत, कारण अशी पाने उघडी राहून फुगत जातात. १६ जीबीवाल्याने टास्क मॅनेजरकडे पाहणे सोडून द्यायला हरकत नाही. जुन्या डेस्कटॉपमध्ये रॅमची दुसरी स्टिक बसवायला बहुधा जागा असते, आणि तेवढा खर्च कुठल्याही सेटिंगपेक्षा अधिक कामी येतो. नव्या पातळ लॅपटॉपांत मात्र रॅम अनेकदा मदरबोर्डवरच जोडलेली असते आणि नंतर वाढवता येत नाही. विकत घेण्यापूर्वी दुकानदाराला हे विचारावे, आणि शक्य असल्यास त्या मॉडेलच्या तपशीलपत्रकातही स्वतः पाहून घ्यावे.